केस इंटरव्ह्यूची तयारी: फ्रेमवर्कच्या आधी मिसळीचं दुकान

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, होस्टेलच्या गच्चीवर असाल, इअरफोन नीट लावा, कारण आज थोडी आकडेमोड आहे. कागद-पेन असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलमधलं नोट्स उघडा. कॅल्क्युलेटर मात्र बंद ठेवा. खऱ्या इंटरव्ह्यूतही तो मिळत नाही.

गेल्या काही आठवड्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय. "ताई, कन्सल्टिंगच्या केस इंटरव्ह्यूसाठी किती फ्रेमवर्क पाठ करू?" एकाने तर भलीमोठी पीडीएफ पाठवून विचारलंय की यातली कुठली पानं महत्त्वाची. मी काही वर्षं कन्सल्टिंगमध्ये काम केलं आणि आता रविवारी सकाळी फोनवर मुलामुलींच्या सराव केसेस घेते. त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे. पाठांतर थोडंच करा. प्रश्न ऐकायची, तो फोडायची आणि मोठ्याने विचार करायची सवय लावा. ही सवय तुम्हाला मराठीतूनही लावता येते. आज मी तेच करून दाखवणार आहे.

आधी ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी दोन मिनिटं.

कन्सल्टिंग कंपनी म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना त्यांच्या अडचणींवर सल्ला देणारी कंपनी. यातली तीन नावं तुम्ही कॅम्पसवर सतत ऐकता. मॅकिन्झी १९२६ साली शिकागोत सुरू झाली. बीसीजी १९६३ ची आणि बेन १९७३ ची, दोन्ही बॉस्टनच्या. या आणि यांच्यासारख्या बऱ्याच कंपन्या मुलाखतीत एक धंद्याचा प्रश्न समोर ठेवतात आणि साधारण अर्धा तास तुमच्याबरोबर बसून तो सोडवतात. हाच केस इंटरव्ह्यू.

याचे दोन प्रकार पडतात. एकात समोरची व्यक्ती गाडी चालवते. ती एकेक प्रश्न विचारत जाते, तुम्ही उत्तर देत जाता. मॅकिन्झीत साधारणपणे असं असतं. दुसऱ्यात स्टिअरिंग तुमच्या हातात असतं. पुढे काय बघायचं, कुठली माहिती मागायची, हे तुम्ही ठरवायचं. बीसीजी आणि बेनमध्ये बहुतेक वेळा असं चालतं. कुठल्या कंपनीला चाललोय हे बघून सराव करा, कारण दुसऱ्या प्रकारात गप्प बसलात तर गाडी जागीच उभी राहते.

आता केस. समजा समोरचे म्हणाले, "पुण्यात एक मिसळीचं दुकान आहे. मालक म्हणतो, विक्री वाढलीय पण नफा कमी झालाय. काय झालं असेल?"

बहुतेक मुलं इथे लगेच सुरू होतात. "सर, नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, उत्पन्न म्हणजे किंमत गुणिले संख्या..." चूक काहीच नाही. पण मालकाने आधीच सांगितलंय की विक्री वाढलीय. म्हणजे अर्धं उत्तर प्रश्नातच दिलंय आणि तुम्ही ते ऐकलंच नाही. म्हणून पहिली पायरी ही, की प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगा. "म्हणजे सर, गल्ल्यात जास्त पैसे येतायत पण महिन्याअखेरीस हातात कमी उरतायत, बरोबर? किती काळापासून? आणि किती कमी?"

समोरचे सांगतात, वर्षभरात. आधी महिन्याला २ लाख सुटायचे, आता १ लाख ७० हजार सुटतात.

दुसरी पायरी. "सर, मला एक मिनिट द्याल का?" असं म्हणून कागदावर विचार मांडायचा. हे मागायला लाजू नका. एक मिनिट मागणाऱ्याला कुणी नापास करत नाही. विचार न करता वीस मिनिटं बोलणाऱ्याला करतात.

तिसरी पायरी म्हणजे माहिती मागणं. पण "सर, सगळा डेटा द्या" असं म्हणायचं नाही. कारण सांगून मागायची. "विक्री वाढून नफा घटला, म्हणजे एकतर प्रत्येक प्लेटमागे सुटणारा पैसा कमी झालाय, नाहीतर भाडं-पगारासारखा बांधील खर्च वाढलाय. आधी बांधील खर्च बघू का?"

ते म्हणतात, बांधील खर्च तेवढाच आहे, महिन्याला १ लाख ६० हजार. मिसळीचा भावही तोच, १०० रुपये. मटकी, फरसाण, पाव, तेल, गॅस धरून एका प्लेटला ४० रुपये लागतात, त्यातही बदल नाही.

आता मजा बघा. भाव तोच, मालाचा खर्च तोच, भाडं तेच. मग पैसा गेला कुठे? इथे धंदा डोळ्यासमोर आणायचा. दुकानाच्या दारात उभं राहून बघा. गेल्या वर्षभरात काय बदललं असेल? रंगीत टी-शर्ट घातलेली पोरं पाठीवर बॅगा घेऊन काउंटरवर उभी आहेत. तुम्ही विचारता, "विक्री दुकानात होते की ॲपवरूनही?"

हा प्रश्न विचारलात की समोरची व्यक्ती खुर्चीत जरा पुढे सरकते. आकडे मिळतात. आधी दिवसाला २०० प्लेट, सगळ्या दुकानात. आता दुकानात १५० आणि ॲपवर ८०. ॲपवाले २५ टक्के कमिशन घेतात आणि डबा-पिशवीचे १० रुपये वेगळे लागतात.

चला, आकडेमोड. दुकानातल्या प्लेटला १०० वजा ४०, सुटतात ६० रुपये. ॲपवरच्या प्लेटला १०० मधून ४० माल, २५ कमिशन, १० पॅकिंग, सुटतात २५ रुपये. दुकानातल्या ५० प्लेट गेल्या, म्हणजे रोजचे ३,००० गेले. ॲपवर ८० आल्या, म्हणजे रोजचे २,००० आले. रोज १,००० चा खड्डा, महिन्याला ३० हजार. २ लाखाचे १ लाख ७० हजार कसे झाले, ते सापडलं.

पण थांबा, केस संपली नाही. रोज २३० प्लेट विकल्या जातायत म्हणून मालक खूश आहे. विक्री १५ टक्के वर, नफा १५ टक्के खाली. खरा प्रश्न हा, की दुकानातली ती ५० गिऱ्हाइकं गेली कुठे? तीच माणसं आता घरी बसून मागवतायत? की रविवारी सकाळी डिलिव्हरीच्या गर्दीत टेबल मिळेना म्हणून समोरच्या दुकानात गेली? दोन्हींची औषधं वेगळी आहेत. पहिल्यात ॲपचा भाव बदलावा लागेल, दुसऱ्यात पार्सलसाठी वेगळी खिडकी काढावी लागेल. हे ज्याने विचारलं, त्याचं धंद्याकडे लक्ष आहे, हे समोरच्याला कळतं.

समजा ते म्हणाले, तीच माणसं आहेत, घरून मागवतात. मग तुम्ही सुचवता, ॲपवर मिसळ १२० ला विका. कमिशन २५ टक्के म्हणजे ३०. माल ४०, पॅकिंग १०. सुटतात ४० रुपये. दुकानातून गेलेले ३,००० भरून काढायला ॲपवर ७५ प्लेट लागतील. आज ८० जातायत. म्हणजे भाव वाढवल्यावर पाचपर्यंत ऑर्डर तुटल्या तरी मालक आधीच्या नफ्यावर परत येतो. त्याहून जास्त तुटल्या तर? तुटलेलं गिऱ्हाईक परत दुकानात आलं तर उलट फायदाच, कारण तिथे ६० सुटतात. समोरच्या दुकानात गेलं तर तोटा. म्हणून आधी दोन आठवडे करून बघायचं.

शेवटची पायरी, समारोप. इथे पुष्कळ मुलं सगळी कहाणी पहिल्यापासून सांगतात. असं समजा, मालक गल्ल्यावर बसलाय, गिऱ्हाईक सुट्टे मागतंय आणि तुमच्याकडे अर्धा मिनिट आहे. "काका, ॲपवर भाव १२० करा. आत्ता ॲपच्या प्लेटला २५ च सुटतात आणि दुकानातल्या प्लेटला ६०. धोका एवढाच की ऑर्डर कमी होतील, म्हणून दोन आठवडे रोजचा आकडा लिहून ठेवा." आधी सल्ला, मग कारण, मग धोका आणि पुढचं पाऊल. बस.

आता सांगा, यात कुठलं फ्रेमवर्क लागलं? उत्पन्न वजा खर्च, एवढंच. बाकी सगळं ऐकणं, प्रश्न विचारणं आणि तिसरीतला गुणाकार.

मग फ्रेमवर्क टाकाऊ का? अजिबात नाही. त्यामागचा विचार समजून घ्या. कन्सल्टिंगमध्ये "मीसी" नावाचा शब्द तुम्हाला जागोजागी भेटेल. बार्बरा मिंटो नावाच्या बाईंनी तो रुजवला. त्या १९६३ मध्ये मॅकिन्झीत गेल्या, तिथे घेतलेल्या पहिल्या महिला एमबीए. अर्थ सोपा आहे. प्रश्नाचे तुकडे असे पाडा की काही सुटू नये आणि काही दोनदा येऊ नये.

आपल्याकडे हे घराघरांत चालतं. लग्नाच्या पत्रिका वाटायची यादी आठवा. आईकडचे, वडिलांकडचे, ऑफिसचे, सोसायटीतले. एखादे काका ऑफिसच्या यादीतही आहेत आणि सोसायटीच्याही, तर त्यांच्या घरी दोन पत्रिका जातात आणि हसं होतं. आणि एखादी आत्या कुठल्याच यादीत नसेल, तर ती पुढची वीस वर्षं ऐकवते. केसमधली यादीही अशीच तपासायची. कुणाला दोन पत्रिका गेल्या का? कुठली आत्या राहिली का?

आता इंग्रजीबद्दल बोलू, कारण प्रश्न फ्रेमवर्कचा असला तरी खरी भीती बऱ्याचदा इथे असते.

एक मुलगी माझ्याकडे सरावाला यायची. नांदेड जिल्ह्यातली, बारावीपर्यंत मराठीत शिकलेली, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. हुशार, पण केस सुरू झाली की गप्प. वाक्य मनात आधी इंग्रजीत पूर्ण जुळवायची, मग बोलायची. तोवर विचार निसटलेला असायचा. मी म्हटलं, आज पूर्ण केस मराठीत. प्रश्न असा होता, एका खत कंपनीची विक्री वाढतेय पण कंपनीच्या हातात पैसा नाही.

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ताई, हे उधारीत अडकलंय. आमचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानदार पेरणीच्या आधी माल उचलतो. शेतकरी पैसे देतो सोयाबीन निघाल्यावर. मधले चार-पाच महिने पैसा कुणाचा तरी अडकतोच. विक्री जेवढी वाढेल तेवढा जास्त अडकेल."

पुस्तकात याला खेळतं भांडवल म्हणतात आणि त्यावर अख्खा धडा असतो. तिने तो वडिलांच्या दुकानातल्या उधारीच्या वहीत वाचला होता. मग मी म्हटलं, आता हेच तीन छोट्या इंग्रजी वाक्यांत सांग. तिने सांगितलं. "कॅश इज स्टक विथ डीलर्स. डीलर्स पे आफ्टर हार्वेस्ट. सो आय वॉन्ट टू चेक क्रेडिट डेज." व्याकरण साधं, उच्चार आपल्याकडचे, आणि मुद्दा काचेसारखा स्वच्छ.

पुढे काय झालं ते खरं खरं सांगते. पहिल्या कंपनीत तिचं झालं नाही. तिसऱ्या ठिकाणी झालं. मला सांगायचंय ते एवढंच, की विचार ज्या भाषेत सुचतो त्या भाषेत आधी पक्का करा. मग तो छोट्या वाक्यांत इंग्रजीत आणायचा सराव करा. इंटरव्ह्यू इंग्रजीत होतो, तेव्हा हा दुसरा भाग टाळून चालणार नाही. पण क्रम उलटा केलात तर दोन्ही हातचं जातं. आणि ज्यांच्या घरी दुकान आहे, शेती आहे, रिक्षा आहे, खानावळ आहे, त्यांनी हे लक्षात ठेवा. धंद्यात पैसा कसा फिरतो ते तुम्ही लहानपणापासून बघताय. ते ज्ञान इंटरव्ह्यूच्या खोलीबाहेर चपलांसारखं काढून ठेवू नका.

आता गेसटिमेट. म्हणजे आकडा माहीत नसताना तर्काने काढणं. "शहरातल्या एका पेट्रोल पंपावर दिवसाला किती पेट्रोल विकलं जातं?" इथे बरोबर आकडा कुणालाच नको असतो. तुम्ही त्याच्यापर्यंत कसे पोहोचता ते बघतात.

पंप डोळ्यासमोर आणा. दुचाकीसाठी ४ पाइप धरू. एका गाडीला २ मिनिटं, म्हणजे तासाला एका पाइपवर ३० गाड्या. सकाळ-संध्याकाळ मिळून ६ तास रांग असते, त्यात ४ गुणिले ३० गुणिले ६, म्हणजे ७२० गाड्या. उरलेले ८ तास निम्मी वर्दळ, त्यात ४८०. एकूण १,२००. प्रत्येकी २ लिटर, म्हणजे २,४०० लिटर.

चारचाकीला २ पाइप, एका गाडीला ४ मिनिटं, तासाला १५. त्याच हिशोबाने रांगेच्या वेळी १८० आणि बाकी वेळी १२०, एकूण ३००. त्यातल्या निम्म्या डिझेलच्या धरल्या तर पेट्रोलच्या १५०. प्रत्येकी १५ लिटर, म्हणजे २,२५० लिटर. दोन्ही मिळून साधारण साडेचार ते पाच हजार लिटर.

इथेच थांबू नका. उत्तर पटण्यासारखं आहे का, ते तपासा. १२,००० लिटरचा टँकर धरला तर तो अडीच दिवस पुरेल. पंपावर दर दोन-तीन दिवसांनी टँकर येतो, हे ऐकायला पटतं. दर तासाला येतो असं उत्तर निघालं असतं, तर कुठेतरी शून्य जास्त पडलंय. ही शेवटची तपासणी स्वतःहून करणारी मुलं कमी असतात आणि म्हणून ती लक्षात राहतात.

आकडेमोडीवरून एक सल्ला. घरात आजोबा असतील तर त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी विचारा. पूर्वी शाळेत हे पाढे पाठ करून घ्यायचे. ८० ची पावकी २०, म्हणजेच ८० चे २५ टक्के. ज्याला हे तोंडपाठ आहे, त्याला टक्केवारीची भीती राहत नाही. आणि एक गोष्ट आजच पाठ करा. १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन, १०० कोटी म्हणजे १ बिलियन. ऐन केसमध्ये लाख आणि मिलियनचा गोंधळ झाला की पुढचं सगळं उत्तर दहा पटींनी घसरतं.

आता सहा आठवड्यांचा बेत सांगते. लिहून घ्या.

पहिला आठवडा फक्त बघण्याचा. रोज एका धंद्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. चहाची टपरी, सलून, झेरॉक्सचं दुकान. पैसा कुठून येतो, कुठे जातो, गर्दी कधी असते, लिहून काढा. सोबत रोज पंधरा मिनिटं तोंडी गणित.

दुसरा आणि तिसरा आठवडा जोडीदाराबरोबर. एकट्याने केस वाचणं म्हणजे काठावर बसून पोहण्याचं पुस्तक वाचणं. एक जण विचारणार, दुसरा सोडवणार, मग अदलाबदल. बरेच जण विचारण्याचा भाग कंटाळवाणा समजतात, पण समोरच्या खुर्चीत बसल्यावरच कळतं की लांबण लावणारं उत्तर ऐकायला किती त्रास होतो. आठवड्याला चार केसेस पुरेत. वर सांगितलेल्या तिन्ही कंपन्यांच्या वेबसाइटवर सरावाचं साहित्य फुकट आहे. आयआयएमसारख्या संस्थांमधल्या विद्यार्थी क्लबांची केसबुक्सही फिरत असतात. क्लासला पैसे भरायच्या आधी हे संपवा.

चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात केसेस पूर्ण इंग्रजीत करा आणि फोनवर रेकॉर्ड करा. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, मान्य आहे. तरीही ऐका. तीन गोष्टी तपासा. प्रश्न परत सांगितला का? माहिती मागताना कारण दिलं का? शेवटी सल्ला पहिल्या वाक्यात आला का? याच काळात वृत्तपत्रातलं अर्थविषयक पान रोज वाचा आणि एका बातमीवर स्वतःला विचारा, मी या कंपनीत असतो तर काय केलं असतं?

सहावा आठवडा हलका ठेवा. केसेस दोन-तीनच. बाकी वेळ स्वतःच्या गोष्टींना द्या, कारण इंटरव्ह्यूचा काही भाग तुमच्याबद्दल असतो. तुम्ही माणसांना कसं एकत्र आणलंत, भांडण कसं मिटवलंत, कठीण काम कसं तडीस नेलंत. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केली असेल, गावच्या क्रिकेट स्पर्धेचा हिशोब ठेवला असेल, तर ते सांगा. फक्त "आम्ही केलं" म्हणून थांबू नका. त्यात तुम्ही स्वतः नेमकं काय केलंत, ते समोरच्याला ऐकायचं असतं.

आणि एवढं करूनही नाही झालं तर? होऊ शकतं. जागा थोड्या असतात आणि अर्ज पुष्कळ. तीस मिनिटांवर तुमची किंमत ठरत नाही. पण हा सराव वाया जात नाही, हे मी खात्रीने सांगते. बँकेत जा, स्टार्टअपमध्ये जा, वडिलांच्या दुकानात बसा, विक्री वाढूनही नफा का घटला हा प्रश्न तुम्हाला तिथेही भेटणार आहे.

आजचा गृहपाठ. तुमच्या कॉलेजसमोरचं झेरॉक्सचं दुकान. मालक म्हणतो, परीक्षेच्या काळात रांग लागते पण वर्षअखेरीस काही उरत नाही. का, आणि त्याने काय करावं? उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा, तीन मिनिटांच्या आत, मराठीत चालेल. पण पहिल्या वाक्यात सल्ला हवा. पुढच्या भागात त्यातली काही उत्तरं ऐकू आणि ती आणखी नेमकी कशी करायची ते बघू.

भेटूया मग. काळजी घ्या, आणि कॅल्क्युलेटर बंदच ठेवा.